पटाशीला पाणी द्यायचे तर पोलाद ओळखीचे हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छंद म्हणून सुतारकाम करणारे पुण्यातले अनेक जण आता पटाशी, खूण करायची सुरी, रंध्याचे पाते अशी हत्यारेही स्वतःच करू पाहतात. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांना सर्रास सांगितली जाणारी कृती अशी असते: मोटारीच्या कमानपाट्याचा तुकडा घ्या, लाल करा, पाण्यात बुडवा, झाली पटाशी. अशी पटाशी शिसवाच्या पहिल्याच भोकात धार दुमडून घेते, नाहीतर कोपऱ्याचा टवका उडवते. करणाऱ्याला वाटते, आपल्या हातात कसब नाही. दोष हाताचा नसतो. पोलाद कोणते ते माहीत नाही आणि ते किती तापले तेही माहीत नाही, अशा स्थितीत हत्यार जमले तरी तो योगायोग असतो. या दोन्ही गोष्टी माहीत करून घेणे पुण्यात तरी अवघड नाही, म्हणून हे पत्र.

आधी कमानपाट्याविषयी. हे पोलाद वाईट मुळीच नाही. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, जोडीला सिलिकॉन किंवा क्रोमियम. वाकून पुन्हा सरळ व्हावे म्हणून ते तयार केलेले असते. कुऱ्हाड, वाकस, कोयता यांना नेमका तोच गुण लागतो. रस्त्याकडेला पाल टाकून भाता चालवणारे घिसाडी कमानपाट्यातून जी हत्यारे घडवतात, ती टिकतात ती त्यामुळेच. पटाशीची गरज वेगळी आहे. तिची धार ३० अंशांची, बारीक, आणि सागवानासारख्या लाकडात चालायची असते. सागवानात सिलिका असते, ती वाळूसारखी धार खाते. तिथे ०.९ ते १ टक्का कार्बन असलेले पोलाद हवे. शिवाय वापरून टाकलेल्या पाट्यात थकव्याचे बारीक तडे असू शकतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पाणी देताना, म्हणजे पोलाद तापवून एकदम थंड करून कडक करताना, मात्र उघडतात.

जुन्या बाजारात मिळणाऱ्या जुन्या कानशींचे पोलाद चांगले असते, एक टक्क्याच्या वर कार्बनचे. पण काही स्वस्त कानशी फक्त वरच्या थरापुरत्या कडक केलेल्या असतात, त्यांचा पोटातला भाग मऊच राहतो. आणि चांगल्या कानशीचेही दात मुळासकट घासून काढले नाहीत, तर प्रत्येक दाताची खाच ही तुटण्याची तयार जागा असते. कानस आहे तशी, फक्त टोक घासून, पटाशी म्हणून कोणी वापरू नये. ती काचेसारखी कडक असते, हातोडीच्या घावाने तिचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. बेअरिंगच्या कडीतही एक टक्का कार्बन आणि दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम असते, पण गोल कडी सरळ करायला भट्टी, ऐरण आणि घण लागतो. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

सगळ्यात सोयीचे पोलाद आपल्या शहरात रोज टनावारी कापले जाते. त्याचे नाव ओएचएनएस. तेलात पाणी दिले तरी कडक होणारे आणि आकार फारसा न बदलणारे हे डाय स्टील भोसरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये नेहमीचे आहे. त्यात कार्बन ०.९ ते १ टक्का, मँगनीज एक टक्क्याच्या थोडे वर, आणि थोडे क्रोमियम व टंगस्टन असते. ते नरम स्थितीत विकले जाते, त्यामुळे साधी हॅकसॉ आणि कानस त्यावर चालते. वजनावर मिळते. १९ मिमी रुंद, ५ मिमी जाड आणि २५० मिमी लांब पट्टीचे वजन सुमारे १८५ ग्रॅम भरते, म्हणजे एका किलोत पाच पटाश्या. दुकानात पट्टीच्या टोकाला ग्रेडचा रंग लावलेला असतो. कापताना रंगाचे टोक दुकानात राहिले, तर तुमच्या हाती पुन्हा अनोळखी पोलादच येते. म्हणून तुकड्यावर तिथल्या तिथे मार्करने ग्रेड लिहून घ्यावा.

अनोळखी तुकडा वापरायचाच असेल, तर आधी ५० मिमीचा तुकडा कापून चाचणी घ्यावी. ग्राइंडरवर ठिणग्या पाहाव्यात. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, त्यांना फुले कमी. जास्त कार्बनच्या ठिणग्या आखूड आणि फुलबाजीसारख्या दाट फुटतात. हायस्पीड स्टीलच्या मंद लाल, जवळपास न फुटणाऱ्या. मग तो तुकडा तापवून तेलात बुडवावा, व्हाइसमध्ये धरून, वर कापड टाकून आणि चष्मा लावून तोडावा. तुटलेली जागा राखाडी, मखमलीसारखी बारीक दिसली तर उष्णता बरोबर होती. साखरेच्या दाण्यांसारखी चमकणारी दिसली तर पोलाद जास्त तापले. तुटलाच नाही, नुसता वाकला, तर ते पोलाद पटाशीच्या कामाचे नाही, किंवा पुरेसे तापले नाही. ही चाचणी दहा मिनिटांची आहे आणि तिने दोन रविवार वाचतात.

आता पटाशी. मुठीत जाणारी शेपटी ७० मिमी लांब ठेवावी, खांद्यापाशी ८ मिमी आणि टोकाला ५ मिमी रुंद. खांद्याचा आतला कोपरा गोल कानशीने किमान २ मिमी त्रिज्येने गोलसर करावा. हॅकसॉने काटकोनात कापून सोडलेल्या कोपऱ्यातून पाणी देताना तडा जातो, आणि तिथून नाही गेला तर पुढे भोक पाडताना मूठ हातात आणि पाते लाकडात राहते. धारेचा उतार २५ अंशांचा काढावा, पण टोक अजून धारदार करू नये. तिथे १ ते १.५ मिमी जाडी राखावी. पातळ धार भट्टीत आधी तापते, जळते, बाहेर काढताच आधी थंड होते आणि वाकडीही होते. शिवाय तापलेल्या पोलादाच्या पृष्ठभागातला कार्बन हवेत जळून जातो. तो मऊ थर नंतर घासून काढता यावा म्हणूनही ही शिल्लक हवी. आडवे ओरखडे तड्यांना वाट देतात, म्हणून शेवटचा हात २२० नंबरच्या पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने फिरवावा.

भट्टीसाठी सहा-आठ फायरब्रिक पुरतात. मध्ये १०० मिमी रुंद, १०० मिमी उंच आणि २०० मिमी खोल पोकळी ठेवायची आणि एका बाजूने गॅसच्या बर्नरची ज्योत आत सोडायची. ज्योत थेट धारेवर रोखू नये, ती विटेवर आपटून पोकळी तापली पाहिजे. १४.२ किलोचे घरगुती सिलिंडर स्वयंपाकाखेरीज वापरणे नियमाला धरून नाही, आणि त्याचा रेग्युलेटरही या कामाचा नाही. व्यावसायिक सिलिंडर आणि त्याला साजेसा रेग्युलेटर घ्यावा. हे काम सदनिकेच्या गच्चीत किंवा बाल्कनीत करू नये. कापणे, घासणे, धार लावणे घरी. आग मोकळ्या जागेत.

उष्णता किती, हा खरा प्रश्न. ओएचएनएस ७९० ते ८२० अंश सेल्सिअसला कडक करतात. लोखंडाचे चुंबकत्व ७७० अंशांच्या आसपास जाते. म्हणजे दोरीला बांधलेले चुंबक पोलादाला चिकटेनासे झाले की तिथून रंगाची आणखी एक छटा वर जायचे. बऱ्याच जणांचे काम इथे बिघडते, कारण ते दुपारच्या उन्हात रंग पाहतात. उन्हात चेरीलाल रंग काळपट दिसतो, म्हणून आणखी तापवले जाते आणि पोलादाचे दाणे मोठे होतात. संध्याकाळी किंवा सावलीत रंग पाहावा. त्याहून बरे म्हणजे भट्टीचे तापमान मोजणारे के टाइपचे थर्मोकपल आणि आकडा दाखवणारा इंडिकेटर. ते बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी केली तर मिळते, आणि रंगाबद्दलचे वाद मिटतात.

कमानपाटा किंवा कानस रंगावर आली की लगेच बुडवता येते. ओएचएनएसचे तसे नाही. त्यातल्या क्रोमियम आणि टंगस्टनच्या कार्बाइडला विरघळायला वेळ लागतो. ५ मिमी जाडीला ८०० अंशांवर चार-पाच मिनिटे थांबावे. उघड्यावर नुसत्या हातबर्नरने हे साधत नाही. विटांची पोकळी हवी ती या थांबण्यासाठी.

धारेकडचा ६०-७० मिमी भागच कडक करायचा, शेपटी मऊच राहू द्यायची. तेल म्हणून साधे सोयाबीनचे किंवा शेंगदाण्याचे तेल चालते. ते ५० ते ६० अंश कोमट करून घ्यावे. थंड तेल दाट असते, पात्याभोवती नीट फिरत नाही आणि पाते सावकाश थंड होते. किमान ४ लिटर तेल हवे. तेवढ्यात अख्खी पटाशी बुडवली तरी तेल १०-१२ अंशांनीच तापते, एका लिटरमध्ये तेच ५० अंशांच्या घरात जाते. भांडे लोखंडी, उंच आणि धातूच्या झाकणाचे असावे. प्लास्टिकची बादली कदापि नको. गाडीच्या इंजिनाचे जुने तेल विषारी धूर सोडते. रॉकेल आणि डिझेल या कामाला आणूच नये. तेल पेटले तर झाकण घालावे, पाणी ओतू नये. कोरड्या वाळूची बादली हाताशी असू द्यावी.

भट्टीतून तेलात जायला एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. पाते उभे, सरळ बुडवावे आणि वरखाली हलवावे. डावीउजवीकडे हलवले तर एक बाजू आधी थंड होते आणि पाते त्या बाजूला वाकते. ओएचएनएस पाण्यात बुडवू नये, तडकते. भाषेत आपण ‘पाणी देणे’ म्हणतो म्हणून ही चूक फार होते. तेलातून बाहेर आल्यावर पाते हाताला सोसत नाही इतके गरम असतानाच थोडा बाक दोन सपाट पट्ट्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये दाबला तर निघतो. पूर्ण थंड झाल्यावर दाबले तर तुटते.

मग चांगल्या कानशीची कड धारेजवळ फिरवून पाहावी. कानस काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर पाणी बसले. चावली, तर लगेच निराश होऊ नये. वरचा कार्बन गेलेला थर थोडा घासावा आणि पुन्हा पाहावे. खालीही चावली, तर पोलाद पुरेसे तापले नव्हते, थांबणे कमी पडले होते किंवा तेलापर्यंत जायला उशीर झाला होता.

या अवस्थेतली पटाशी फरशीवर पडली तरी तुटू शकते. तासाभराच्या आत तिला टेंपर करावे, म्हणजे पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी करावा; रात्रभर ठेवली तर आपोआप तडकण्याचा धोका असतो. तेल साबणाने धुऊन, वरचा काळा थर पॉलिश पेपरने उजळून, घरच्या ओटीजीत २०० अंशांवर एक तास ठेवावी, बाहेर काढून थंड होऊ द्यावी, आणि पुन्हा एक तास. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नये, आतले तापमान २० अंशांनी सहज वरखाली होते. ट्रेमध्ये वाळू पसरून पटाशी त्यात पुरावी आणि ओव्हनचा वेगळा थर्मामीटर आत ठेवावा. उजळलेल्या भागावर फिकट गवती पिवळा रंग आला पाहिजे. एवढ्याने कडकपणा सुमारे ६० रॉकवेल (एचआरसी) राहतो. हातोडीचे घाव खाणाऱ्या, भोके पाडायच्या पटाशीला २२० ते २३० अंश, म्हणजे गडद पिवळा. जांभळा आणि निळा रंग स्क्रूड्रायव्हरचा आणि करवतीचा, पटाशीचा नव्हे.

धार लावताना मेहनतीवर पाणी पडू नये. २८०० फेऱ्यांचा बेंच ग्राइंडर काही सेकंदांत धार निळी करतो, आणि निळ्या झालेल्या भागाचे पाणी उतरलेले असते. तो भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही. बोट धारेच्या मागे टेकवून ठेवावे, चटका बसायच्या आत पाण्यात बुडवावे. पाठ सपाट करायला जाड काच आणि १२० पासून १००० पर्यंतचे कागद पुरतात. पूर्ण पाठ नव्हे, धारेमागचा २५ मिमी भाग आरशासारखा झाला की पुरे. शेवटी दगडावर ३० अंशांची दुसरी बारीक कड. मागे बोटाला लव, म्हणजे धारेची मागे वळलेली बारीक किनार, लागेपर्यंत घासावे, मग ती लव पाठ टेकवून काढावी.

नवी पटाशी कशी वागते त्यावरून निदान होते. सागवानाच्या आडव्या टोकावर चालवून भिंगाने पाहावे. धार दुमडली असेल तर टेंपर जास्त झाला किंवा पाणी नीट बसले नाही. दाताएवढे टवके उडाले असतील तर टेंपर कमी पडला, तो १०-१५ अंशांनी वाढवावा. पण त्याआधी धार अर्धा मिमी मागे घासून पुन्हा तपासावी, कारण भट्टीत सर्वांत जास्त भोगते ते धारेचे टोकच, आणि पहिल्या एक-दोन धारा त्यामुळे फसव्या असतात. मागे घासूनही टवके उडतच राहिले आणि मोडलेली जागा दाणेदार दिसली, तर पोलाद जास्त तापले होते. ते नरम करून पुन्हा पाणी द्यावे लागेल: चुंबक सुटेल त्याच्या थोडे वर तापवायचे, चुलीच्या कोरड्या राखेत रात्रभर पुरून ठेवायचे आणि कृती पहिल्यापासून.

मुठीसाठी बाभूळ उत्तम, पण पूर्ण वाळलेली. पावसाळ्यात ओलसर लाकडाची मूठ बसवली तर एप्रिलमध्ये लाकूड आटते आणि पितळेची कडी गळून पडते. मुठी उन्हाळ्यात कराव्यात. मुठीला जवसाचे तेल लावलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघडी पसरून वाळवावीत.

ज्यांना आगीच्या नादी लागायचे नाही, त्यांच्यासाठीही वाट आहे. जुन्या हातकरवतीच्या पानाचा १२० बाय ६० मिमी तुकडा कापून, कड काटकोनात घासून, दगडावर गुळगुळीत करून, कार्बाइडच्या ड्रिलच्या गुळगुळीत दांड्याने तेलाचा थेंब टाकून दाबत फिरवली की खरवडणी तयार होते. रंध्याने उचकटणाऱ्या उलट्या रेषांच्या शिसवावर तिला तोड नाही. १० किंवा १२ मिमीच्या ॲलन कीचा आखूड पाय घासून खाच सपाट करायच्या रंध्याचे पाते होते, काटकोन आयताच मिळतो. मशीन हॅकसॉचे संपूर्ण हायस्पीड स्टीलचे पान मिळाले तर त्याची खूण करायची सुरी करावी. ते घरी कडक करता येत नाही आणि करायची गरजही नाही. घासताना थोडे तापले तरी पाणी उतरत नाही. फक्त नट, पाइप किंवा पट्टी जस्ताचा मुलामा असलेली असेल तर ती कधीही भट्टीत घालू नये, जस्ताचा धूर माणसाला आजारी पाडतो.

आणखी एक सोय पुण्यात आहे आणि छंदी लोकांना ती ठाऊक नसते. हीट ट्रीटमेंटचे जॉबवर्क करणारे कारखाने आपल्या औद्योगिक पट्ट्यात आहेत. ते किलोवर दर लावतात आणि किमान रक्कम ठरलेली असते, म्हणून एका पटाशीसाठी जाणे परवडत नाही. सहा-आठ जणांनी मिळून वीस-पंचवीस पाती एकदम द्यावीत. सर्व पाती एकाच ग्रेडची हवीत. प्रत्येकाच्या शेपटीला तार ओवायला ५ मिमीचे भोक हवे. चिठ्ठीवर ‘ओएचएनएस, ६० ते ६१ एचआरसी, टेंपरसह’ एवढे स्पष्ट लिहावे. नुसते ‘हार्ड करून द्या’ म्हटले तर नरम पट्टी काचेसारखी होऊन परत येऊ शकते.

यातून एक मागणी करावीशी वाटते. १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झालेले हे शहर आहे. इथल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतने यांच्या कार्यशाळांत तापमान दाखवणाऱ्या मफल भट्ट्या असतात. महिन्यातून एक रविवार शिक्षकाच्या देखरेखीखाली, शुल्क घेऊन, अशी एक भट्टी नागरिकांसाठी चालू ठेवावी. आठ-दहा पात्यांची एक खेप तापवून, बुडवून, दोनदा टेंपर करून सकाळी नऊ ते दुपारी तीनपर्यंत सहज होते. आणि स्टील विक्रेत्यांनी तुकडा विकताना त्यावर ग्रेड लिहून द्यावा, मग तो तुकडा कितीही छोटा असो.

आपला,
एक हत्यारप्रेमी वाचक,
कसबा पेठ, पुणे